कडू कांद आणि वहीचं पहिलं पान

मैनाबाईंनी जशोदाबेनच्या उंधियूत विष कालवलं, ही बातमी सदुसष्टच्या संक्रांतीला बोईसर स्टेशनामागच्या आमच्या चाळीतून निघाली आणि संध्याकाळपर्यंत सरावलीला पोचली. सरावलीत तर त्यात दोन माणसं दगावलीसुद्धा. खरं म्हणजे मैनाबाईंनी काहीच कालवलं नव्हतं. त्या फक्त गप्प बसल्या होत्या. पण मैनाबाई गप्प बसल्या हे पटण्यापेक्षा लोकांना विषाची गोष्ट पटायला सोपी गेली.

सगळ्याचं मूळ एक वही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामामुळे चाळीत सुरत, पालघाट, जालंधर अशा कुठकुठल्या चुली येऊन पेटल्या होत्या. शाळेत शिकवणाऱ्या शकूताईंनी मनावर घेतलं, की बदल्या होऊन ही मंडळी पांगायच्या आत प्रत्येकीचा एक पदार्थ आणि त्यामागची गावाकडची आठवण लिहून ठेवायची. वहीचं नाव ‘परगावच्या चुली’. मैनाबाई महिनाभर वाट बघत बसल्या. शेवटी नळावर त्यांनीच विषय काढला, तर शकूताई म्हणाल्या, “तुम्ही काय, इथल्याच.” जणू काही इथल्या माणसांना भूकच लागत नाही.

पालघाटच्या अम्मिणीला वहीत पान मिळालं, हे मैनाबाईंनी गिळून टाकलं. कालवणात खोबरेल ओतणाऱ्या बाईशी काय बरोबरी करायची? पण पहिलं पान सुरतेच्या जशोदाबेनला, तेही उंधियूला? मडक्यात वालपापडी, वांगी, कंद भरायचे, तोंडाला पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. अहो, ही तर उकडहंडी! मैनाबाईंच्या माहेरी, शिरगावच्या वाडीत, थंडीभर हेच चालायचं.

“आमच्या हंडीत पावशेर तेल ओतलं की झाला ह्यांचा उंधियू,” त्यांनी नवऱ्याला सुनावलं.

आत्माराम जेवत होते. “मागं वाटीभर पाठवला होता तिनं. बरा होता,” ते म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांना आमटीत मीठ मिळालं नाही.

ठरलं असं, की संक्रांतीला जशोदाबेननं सगळ्यांसाठी उंधियू करायचा आणि तो खाऊन शकूताईंनी पहिलं पान लिहायचं. त्या दिवशी सकाळी डोंगराकडची भागी टोपलीत शेंगा घेऊन आली. शेंगांखाली तिनं स्वतःच्या घरासाठी खणलेले कडू कांद होते. जशोदाबेननं नेमकं त्यांच्यावर बोट ठेवलं.

“ते नाय,” भागी म्हणाली. “ते आमचं हाय.”

जशोदाबेनला वाटलं, बाई भाव खाते. तिनं गुळाचा मोठा खडा भागीच्या हातावर ठेवला.

“शिजवायचं कसं, ठावं हाय ना?” भागीनं विचारलं.

एवढ्यातलं ‘शिजवायचं’ तेवढं जशोदाबेनला कळलं. उंधियू शिजवण्यात तिचा हात धरणारं सुरतेत कुणी नव्हतं. तिनं ऐटीत मान हलवली. भागीचं समाधान झालं, ती कांद देऊन निघून गेली. सुरतेचा कंद जांभळा, इकडचा पिवळट असणार, असं जशोदाबेननं आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

हे सगळं मैनाबाई ओटीवर वाल सोलत पाहत होत्या. एक शब्द पुरला असता. तो ओठांपर्यंत आलासुद्धा. पण त्यांना डोळ्यांपुढे शकूताई दिसल्या: हातात टाक, तोंडात पहिला घास, घशाला आग आणि वहीचं पहिलं पान कोरं. मैनाबाईंनी मान खाली घातली आणि सोललेले वाल पुन्हा सोलू लागल्या.

दुपारी मडकं उघडलं, चाळभर वास सुटला. बायका ताटल्या घेऊन बसल्या. मैनाबाई आपल्या दारातच. पण जशोदाबेननं पहिली वाटी भरली ती सरळ त्यांच्याकडे आणली.

“पेली वाटी तुमची, मैनाबेन. चव तुमी सांगायची. चाळीत तुमच्यासारखी जीभ कोणाची नाय.”

मैनाबाईंनी आयुष्यात इतकं वाईट काही ऐकलं नव्हतं. वाटी हातात, सगळ्या बायकांचे डोळे वाटीवर. खावं तर घसा जळणार, न खावं तर त्या सगळ्या खाणार. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“कुणी खाऊ नका. हा कडू कांद हाय. राख घालून उकडायचा, मग रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तवा पोटात घालायचा. नायतर घसा सुजतो.”

“तुम्हाला कधी कळलं?” शकूताईंनी विचारलं.

खोटं सुचायला मैनाबाईंना कधी वेळ लागत नसे. त्या दिवशी लागला. “सकाळीच,” त्या म्हणाल्या.

पुढे नळावर काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जशोदाबेन डोळ्याला पदर लावून आत गेली. थोड्या वेळानं मैनाबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या, एका काखेत हंडी, ओच्यात माहेरच्या वाडीतली कोनफळं. “मसाला तुझा घाल,” एवढंच बोलल्या. दोघींनी मिळून हंडी भरली, पालथी घातली. तेल किती यावर जाळ विझेपर्यंत वाद चालला होता.

चाळीनं ती हंडी दिवेलागणीला पुसून खाल्ली. शकूताईंनी वही उघडली आणि जशोदाबेनचं नाव लिहिलं.

“मैनाबेनचं पण लिखो,” जशोदाबेन म्हणाली. “हंडी त्यांची, कंद पण त्यांचे.”

शकूताईंचा राग अजून उतरला नव्हता. “वही परगावाहून आलेल्यांची आहे. मैनाबाई, तुम्ही कुठल्या मुलखातून आलात म्हणून लिहू?”

मैनाबाई म्हणाल्या, “शिरगावाहून. लग्नात बैलगाडीत बसून आले, एकवीस वर्षं झाली. ह्या सगळ्यांच्या बदल्या होतील, ह्या आपल्या घरी जातील. माझी बदली कोण करणार हाय? लिवा, आणि पयल्याच पानावर लिवा.”