ब्याण्णव किलोमीटर, न विझता

धान भिजवायच्या गरम पाण्याला एक वास असतो. तो कपड्यांत बसतो, वहीच्या पानांत बसतो. थंडीत सकाळी गिरणीत शिरलो की वाफेबरोबर तो असा अंगावर येतो की आपण जागे आहोत की अजून फुलचूरच्या घरी पांघरुणातच आहोत, हे क्षणभर कळत नाही. गोंदियाच्या या उसन्या तांदळाच्या गिरणीत मी सव्वीस वर्षं काम करतो आहे. इथे धान आधी गरम पाण्यात भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि शेवटी भरडतात. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे आहेत.

भिजवायच्या टाक्या सहा. प्रत्येकीला बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. पाणी सत्तर अंशांच्या जवळपास राहावं लागतं. फार उतरलं तर धान आंबतं, फार चढलं तर फुटतं. प्रत्येक टाकीच्या पोटात एक थर्मामीटर आहे. सहाही थर्मामीटरांचे निरोप गोळा करून खालच्या खोलीतल्या पडद्यावर पोचवणारं एक खोकं आहे, हाताच्या पंजाएवढं. कागदोपत्री त्याचं नाव कम्युनिकेशन मॉड्यूल. बनवणाऱ्या कंपनीने ते बनवणं कधीच सोडून दिलं. त्यावर एक हिरवा दिवा सेकंदाला एकदा मिचकतो. दुपारी यंत्रांचा आवाज एकसुरी झाला की मी त्या दिव्याकडे बघत बसायचो. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते, तसं ते वाटायचं.

हे मॉड्यूल मीच मारलं. कोणती टाकी कोणत्या क्रमांकाची आणि कुठल्या प्रकारच्या थर्मामीटरची चूक किती धरायची, याची मोठी यादी त्याच्या पोटात होती. बटणाएवढी एक बॅटरी ती यादी सांभाळायची. बॅटरी बदलायचा दिवस मी वहीत लिहून ठेवला होता आणि त्याच दिवशी बदलायला घेतली. बदलण्याआधी मेन बंद केला. पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन बंद करायचा, हे मला शिकवलेलं आणि मी पुढे पंधरा-वीस जणांना शिकवलेलं. पण या एका खोक्याची बॅटरी वीज चालू ठेवूनच बदलायची असते. जुनी काढली आणि नवी बसवली, त्या दहा सेकंदांत यादी पुसली गेली. मेन चालू केला तेव्हा दिवा लाल झाला होता. पडद्यावर सहा ओळींत नुसत्या आडव्या रेघा.

मी जाऊन टाक्यांवरच्या ऑपरेटरना सांगितलं. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो.

"माझ्या हातून झालं, काकाजी. मेन बंद केला मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाबू, तुमी त चहा मांडाच्या आंधी बी घरचा मेन बंद करत असान."

"तसंच समजा."

"मंग आता माह्या गुडघ्यायनं तुमचं का बिघडवलं होतं?"

त्यांनी ही थट्टा केली, पण ते खरं बोलत होते. आता दर अर्ध्या तासाला हातात थर्मामीटर घेऊन सहा शिड्या चढाव्या लागणार होत्या. बावीस गुणिले सहा, एकशे बत्तीस पायऱ्या. पाळीत सोळा फेऱ्या, म्हणजे दोन हजार एकशे बारा चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. काकाजींचे दोन्ही गुडघे आधीच गेलेले. दुसऱ्या माणसांना वर पाठवून बघितलं, तर त्यांतला एक जण चौथ्या टाकीनंतर खालीच बसून अंदाजे आकडे लिहायचा. ते आकडे फार सुबक यायचे, त्यावरूनच मी ओळखलं. अर्ध्या फेऱ्या मी घेऊ लागलो. उरलेल्या अर्ध्या काकाजी. वाफेत त्यांचं डोकं दिसेनासं व्हायचं आणि नुसता शिडीवर पाय टेकल्याचा आवाज यायचा, एक पाय टेकायचा, मग थांबायचा, मग दुसरा. आठवड्याभरात तो थांबा लांबत चालल्याचं मला कळू लागलं. गिरणीचे मालक सेठजी म्हणाले, "या तो मशीन ठीक करो, या फिर काकाजी को घर बिठाते हैं, मुझसे ये देखा नहीं जाता." ते मायेनेच म्हणाले होते. पण घरी बसायचं नाव काढलं की काकाजी दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

मी शोध सुरू केला. रायपूरच्या एका भंगारवाल्याने दोन मॉड्यूल पाठवली, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. एक मेलेलं होतं. दुसरं चालू होतं, पण पोट रिकामं. खोकं मिळत होतं, यादी मिळत नव्हती. यादी ज्याने भरली होती त्या फिटरचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. माझ्या वह्यांत सव्वीस वर्षांची तापमानं होती. यादीतला मात्र एकही आकडा नव्हता. जे पडद्यावर कधी उघडून बघितलं नाही, ते लिहून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

एक दिवस शिडीच्या पायथ्याशी दम खात काकाजी म्हणाले, "त्याच फिटरनं इटियाडोह धरनाच्या नहराकडं एक गिरनी बसवली होती. आपल्याच सारखी. सहा टाक्या, थर्मामीटर बी त्याच कंपनीचे. आता बंद हाये म्हन्तेत."

सेठजींनी तिथल्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, जे हवं ते घेऊन जा. मला आशा एकच होती, पॅनेलच्या दाराला आतून एखादा कागद चिकटवलेला असेल.

मी गिरणीची पिकअप घेऊन पहाटे निघालो. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं, आणि धान कापून नेलेल्या बांध्यांमधून बगळे चालत होते, पण त्यांचे पाय दिसत नव्हते. गाडीच्या मीटरने ब्याण्णव किलोमीटर झाले तेव्हा ऊन पडलं होतं.

बंद गिरणीच्या अंगणात पासष्टीच्या एक बाई धान वाळवत होत्या. त्यांचे यजमान तिथले ऑपरेटर होते. ते गेले, मग गिरणीही बंद पडली, आणि राखण करायला बाई तिथेच राहिल्या. मी कोण, कशाला आलो, हे सांगितलं. त्या पुढे चालू लागल्या. पत्र्यातल्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत उतरल्या होत्या. रिकाम्या टाक्यांवरून आमच्या पावलांचा आवाज परत येत होता. त्यांनी पॅनेलचं दार उघडलं. दाराच्या आत कागद होता खरा, पण वाळवीने त्याची जाळी केली होती.

आणि खाली, धुळीचा कणही नसलेल्या पट्टीवर, हिरवा दिवा मिचकत होता.

मी किती वेळ बघत राहिलो ते सांगता येत नाही, आणि असं मी क्वचित लिहितो.

"हे चालू आहे, मावशी?"

"चालूच रायते. सा वर्सं झाली. यायनं सांगतलं होतं, हे कदी बंद करू नको, बंद झालं का मंग कोनाच्या बापाले चालू होनार नाई."

पॅनेलच्या मागे ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवल्या होत्या. लाइट असली की चार्जर त्यांना भरायचा, लाइट गेली की दिवा त्यांच्यावर चालायचा. हे यजमानांनी करून ठेवलेलं. बाई महिन्यातून दोनदा बॅटऱ्यांत पाणी घालत, रोज कोरड्या फडक्याने पट्टी पुसत. मी मीटर लावला. चोवीस व्होल्ट, दशांश सहा. आतली बटणाएवढी बॅटरी कधीच संपली असणार आणि नवी मी आणली नव्हती; यादी या विजेवरच जगत होती.

त्याच्या पोटात तीच यादी होती. पण ती वाचायला पडदा लागतो, आणि तिथला पडदा फुटलेला, आमचा भिंतीत पक्का बसवलेला. मी त्यांना सगळं सांगितलं. गोंदियाच्या टाक्या, काकाजींचे गुडघे, आणि माझा मेन.

"तुमीच बंद केलं?"

"मीच."

"शिकलेले हाव ना तुमी?"

"हो."

त्यांनी पदराने हात पुसले. "घेऊन जा. ज्याच्यासाठी ठेवलं होतं ते काम त होऊ द्या. पन बंद करून नेऊ नका. आन मी बी येते. तुमचा भरोसा नाई."

चालूच न्यायचा विचार माझ्याही डोक्यात येत होता, पण बोलायचा धीर झाला नव्हता. मॉड्यूल आणि त्याला वीज देणारं खोकं एकाच पट्टीवर होतं. चार स्क्रू काढले की पट्टी सुटत होती. बॅटऱ्या मागच्या डब्यात दोरीने बांधल्या, वायर खिडकीतून आत घेतली. बाई माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर घडी केलेली गोधडी, गोधडीवर पट्टी. चार्जरची पिन मी काढली. दिवा मिचकत राहिला.

तो परतीचा प्रवास मला अजून नीट खरा वाटत नाही. मी चाळीसच्या वर गेलो नाही. नवेगावच्या जंगलात रस्त्यावर सावल्या आडव्या पडल्या होत्या. सावलीत शिरलो की तो दिवा बाईंच्या हनुवटीवर हिरवा उजेड टाकायचा, उन्हात आलो की पुसून जायचा. त्या खाली बघत होत्या, झोपलेल्या नातवाकडे बघावं तसं. गतिरोधक आला की मला आधीच सांगायच्या, "हळू, भाऊ." दर दहा किलोमीटरला मी गाडी बाजूला घेऊन मीटर लावायचो. चोवीस पॉइंट पाच. चोवीस पॉइंट चार. कोहमाऱ्याला चहा घेतला, तो त्यांनी उजव्या हाताने घेतला. डावा हात पट्टीवर. गोंदियाच्या जवळ चोवीस पॉइंट एक. वीसपर्यंत भीती नव्हती हे मला माहीत होतं, तरी उतरलेला प्रत्येक दशांश मी वहीत लिहीत होतो.

दिवस मावळायला तासभर होता तेव्हा पोचलो. आता गिरणीची वीज आधी जोडायची आणि मगच बॅटरी सोडायची. म्हणजे चालू पॅनेलमध्ये हात घालायचा, नोकरीत पहिल्यांदा. चोवीस व्होल्टने काही होत नाही. तरी सवयीने माझी मान मेनकडे वळू लागली. मागून बाई म्हणाल्या, "मेनकडं पाहू नका." मी पाहिलं नाही. वायर बसली. बॅटरीची सोडली. दिवा मिचकला, पुन्हा मिचकला. थर्मामीटरांची वायर जोडली आणि पडद्यावरच्या रेघा गेल्या. अडुसष्ट, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, अडुसष्ट, सदुसष्ट, सत्तर.

"तीन नंबरची वाफ कमी करा!" काकाजी ओरडले आणि कोणीतरी धावलं. मग ते थर्मामीटर घेऊन स्वतः पहिली शिडी चढले. खरं की खोटं बघायला. वरून त्यांचा आवाज आला, "अडुसट!" आणि ते उतरले.

मी वहीत यादी उतरवायला घेतली. पाच पानं भरली, दोनदा ताडून पाहिली. बाई पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून होत्या.

"हे काय आकडे हायेत, भाऊ?"

"टाकीतलं पाणी किती गरम आहे, ते."

"आमच्या टाक्या त खाली होत्या. मंग सा वर्सं हे का सांगून रायलं होतं?"

मी वहीतून मान वर केली. "टाकीतली हवा किती गरम, ते सांगत असणार. ऐकायला पडदा नव्हता, एवढंच."

"मंग थंडीत आकडे कमी होत असन."

"हो. उन्हाळ्यात चाळीसच्या वर."

त्या मान हलवत राहिल्या, जणू सहा उन्हाळे आणि सहा हिवाळे एकेक करून आठवत होत्या.

अर्धा तास झाल्याची घंटा वाजली. काकाजी सवयीने उठले, थर्मामीटर खिशात घालून शिडीकडे गेले आणि एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

"कुटं चालले जी?" बाई म्हणाल्या. "बसा न. ते सांगून रायलं ना."

काकाजींनी पाय खाली घेतला. शिडीच्या त्या पहिल्या पायरीवरच ते बसले, दोन्ही पाय पुढे लांब सोडून, आणि पडद्याकडे तोंड करून सहा आकडे मोठ्याने वाचू लागले. मी लिहीत गेलो.