फॉरेन्सिक व्हॅनला चिकटलेल्या गोष्टी

आमचं कामच मुळी चिकटलेलं शोधायचं. केस, धागा, मातीचा कण. चिमट्याने उचलायचं, पाकिटात घालायचं, सील करायचं. किस्से मात्र न उचलताच चिकटतात! परभणीहून व्हॅन निघाली, खिडकीबाहेर रानं मागे पळायला लागली, की एकेक आठवत जातो आणि मी अर्धी झोपेत, अर्धी हसत असते. व्हॅनमध्ये आम्ही तिघं: सर, मी आणि ड्रायव्हर रज्जाकमामू.

*

पूर्णेजवळ एका मावशींकडे चोरी झाली. फोनवर बजावलं होतं, "कशालाच हात लावू नका!" पोचलो तर घर-अंगण सारवलेलं, दारात रांगोळी.

"मावशी, हे काय केलंत?"

"मोठे सायेब यायलेत म्हणल्यावर घर तसंच ठिवू का?"

ओल्या सारवणावर बुटांचे ठसे उमटले होते. एकदम स्पष्ट. आमचेच!

*

सेलूच्या एका जिनिंगमध्ये ऑफिसचं कुलूप फुटलं. कामगार सगळे नखशिखांत कापसात. सर म्हणाले, "ज्याच्या अंगावर कापूस नाही, त्याने पुरावा धुतलाय!" निघाला एक. इस्त्रीचा शर्ट, वर सेंट.

"सायेब, आंघोळ करणं गुन्हा हाय का?"

"गुन्हा नाही. पण सीझनमध्ये संशयास्पद आहे!"

बिचाऱ्याला त्या दिवशी पोरगी बघायला जायचं होतं. उशीर झाला म्हणून सरांनी स्वतः पाहुण्यांना फोन केला. काय बोलले देव जाणे, लग्न जमलं.

*

एकदा तीन वेगवेगळ्या चोऱ्यांत एकसारखेच केस सापडले. तांबूस, मेंदी लावलेले. "टोळी आहे!" सर आनंदाने जेवलेसुद्धा नाहीत. मग माझी नजर पुढच्या सीटवर गेली. मामूंची दाढी! प्रत्येक ठिकाणी ते डोकावून बघायचे.

"मेरेकू पकड लो सायब, लेकिन गाडी कौन चलायंगा?"

*

एका दुपारी सर काळ्या मातीच्या चिमूटभर नमुन्यावर भिंगाला डोळा लावून बसले, ते बसलेच. चहा निवला.

"काही मिळालं का सर?"

"नाही गं. पण इथं लय शांत हाय."

*

जिंतूरच्या रस्त्याकडेला एक शेतकरी मरून पडलेला सापडला. बरगड्या मोडलेल्या, सदऱ्यावर निळ्या रंगाचे कपचे. गावातल्याच एकाचा निळा टेम्पो सकाळी तिथून गेला होता. पोलिसांनी त्याला आत टाकलं. त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन व्हॅनपाशी बसून राहिली. "त्यांनी न्हाई धडक दिली, ताई. तुमी तरी नीट बघा."

सरांनी कपचा भिंगाखाली घेतला. वर निळा, त्याखाली हिरवा, मग लाल, मग पिवळा. टेम्पोला तर कंपनीचा एकच रंग! आणि सगळ्यांत खाली पत्रा नव्हताच. शिंग होतं. दर पोळ्याला जुना रंग न खरवडता वर नवा चढवलेला.

त्या शेतकऱ्याच्याच गोठ्यात बैल उभा होता, उजव्या शिंगाचा रंग उडालेला. त्या सकाळी तो एकटाच घरी आला होता. रडारडीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टेम्पोवाला सुटला. त्याची बायको सरांच्या पाया पडायला वाकली, तसे सर घाईने मागे सरकले.

शेतकऱ्याच्या बायकोला सांगायचं काम माझ्यावर आलं. मला फार जड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग भिंगाखाली काढलेला रंगाच्या थरांचा फोटो मागितला आणि त्यावर बोट ठेवत गेली.

"ह्यो हिरवा, पोरगी झाली त्या सालचा. ह्यो पिवळा, बोअरला पाणी लागलं तवाचा. समदे त्यांनीच दिलेले. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत."

भावकीतले म्हणत होते, बैलाला उद्याच्या उद्या बाजार दाखवा. ती उठली, बैलापुढे पाण्याची बादली ठेवली, तो पिईपर्यंत थांबली.

"ताई, पोळा आठ दिसांवर आलाय," ती म्हणाली. "औंदा कोणता रंग देऊ?"