आत्यांना कुठं बसवायचं

आमच्या माळावर कोळशाची वीज होणार, हे मला कळलं ते टँकरच्या रांगेत. त्या उन्हाळ्यात लातूरच्या माणसांना प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, मग आमच्यासारख्या खेड्याचं काय विचारता! रांगेतली एक बाई म्हणाली, "लई मोठा कारखाना व्हायलाय म्हणं. आता आपल्या तालुक्याचा जिल्हा झालाच समजा." टँकरचा पत्ता नव्हता, पण जिल्हा आला. बायका कलेक्टर हापीस कुठं बांधायचं त्यावर भांडायला लागल्या. माझं मात्र चित्त उडालं, कारण माळाला लागूनच आमचं शेत.

शेतापेक्षा मला काळजी आत्यांची होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन मातीत बसवतात, आणि ज्याला शेत आहे त्याला बहुतेक त्याच्याच शेतात. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, बेलाखाली बसवलं होतं. शेजारची जागा आत्यांनी स्वतःसाठी राखली होती. तिथं कुणाला गुरं बांधू देत नसत. दर सोमवारी जाऊन मामांच्या समाधीवर तांब्याभर पाणी घालायच्या, दुष्काळात अर्धा तांब्या. "मला हितंच बसवायचं बरं का," असं मला निदान शंभरदा तरी ऐकवलं असेल. कारखान्याच्या नकाशात आमचं अख्खं शेत गेलं होतं, बेलासकट.

मग मी हिंडायला लागले. आजूबाजूची सहा गावं पायी पालथी घातली. देवळापुढं बसायचं आणि तेच तेच सांगायचं. म्हणायची, "अहो, कोळशाच्या कारखान्याला धरणभर पाणी लागतं, ते कुठून आणणार? येतच नाही तो कारखाना. आपल्याकडं रग्गड काय आहे तर ऊन! उन्हाची वीज करा. माळावर काचा लावा, धूर नाही, राख नाही, तलावातलं पाणी तलावात राहील. त्याला जागा लागली तर खडकाळ माळ पडलाय की." काही जण मान डोलवायचे. बरेच जण म्हणायचे, "वहिनी, जिल्हा हुकवता का आमचा?" आमच्या चुलत दिरांनी तर तोंडावर सांगितलं, "बाईमाणसानं उन्हाची वीज करण्यापेक्षा उन्हात पापड घालावेत." पापडही घातले मी त्या वर्षी, ते काय चुकतंय! दिवसभर बोलून घरी आलं की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दळण.

एवढं करून गाव एकदाचं विरोधाला तयार झालं. कंपनीचा साहेब माहिती द्यायला येणार होता. ठरलं असं की त्याला चहाच काय, पाणीसुद्धा विचारायचं नाही. सगळ्यांनी गप बसायचं आणि शेवटी एका सुरात नाही म्हणायचं. पण आमच्या गावाला एक खोड आहे. गाडीतून कुणीही उतरो, त्याचा सत्कार होतो. ग्रामपंचायतीच्या कपाटात शालींची चवड कायम असते. तहसीलदाराला शाल, गुरांच्या डॉक्टरला शाल, एकदा तर थकलेल्या बिलापायी वीज तोडायला आलेल्या वायरमनला शाल-नारळ देऊन मग त्याच्याकडून तार तोडून घेतलेली. साहेब उतरला, हात जोडून आमच्यातल्या नमस्कारासारखं "शरणार्थ" म्हणाला, आणि सरपंचाचा हात आपोआप कपाटाकडं गेला. "अहो, काय करता!" मी मागून ओरडले. "पाहुणा हाय वहिनी, रिकामा कसा बसवायचा?" आणि गावातलं सगळ्यात वयस्क माणूस म्हणून शाल द्यायला पुढं कुणाला केलं, तर आत्यांना! आत्यांनी साहेबाच्या खांद्यावर शाल नीट टाकली, वर गालावरून हात फिरवून बोटंही मोडली. फोटो निघाला. मग आम्ही नाही म्हणालो, सगळे एका सुरात म्हणालो. पण त्याचा काही फोटो निघत नसतो.

दोन दिवसांनी पेपरात तो फोटो, खाली लिहिलेलं, "ग्रामस्थांकडून प्रकल्पाचं उत्साहात स्वागत." मला रडावं का डोकं आपटून घ्यावं तेच कळेना. आत्यांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. त्यांनी फोटोतल्या शालीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी मीच दिलं का गं शेत?" मी म्हणाले, नाही हो आत्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तालुक्याला जनसुनावणी होती. मोठा मांडव, पुढं सरकारी अधिकारी, बाजूला तोच साहेब. मी बोलायला उभी राहिले, पाण्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. साहेबानं शांतपणे पेपर वर धरला आणि म्हणाला, "यांच्याच घरातल्या माताजींनी आमचं स्वागत केलंय." मांडव हसला. तेवढ्यात माझ्या शेजारून आत्या उठल्या, काठी टेकत थेट त्याच्यापुढं गेल्या आणि हात पसरला.

"माझी शाल दे बाबा."

"आजी, दिलेली शाल कुणी परत मागतं का?"

"पाहुणा म्हणून दिलती. पाहुणा जेवतो, पाणी पितो आन् जातो. तू तर घरच मागायलास. तू पाहुणा न्हाईस. दे माझी शाल."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबाकडं शाल नव्हतीच, त्याला तरी कुठं आठवत असणार. आत्या हात पसरून तशाच उभ्या. शेवटी अधिकाऱ्यानं "बसा आजी, बसा" करून सुनावणी पुढं नेली. मला वाटलं, सहा गावांत मी घसा फोडला त्यापेक्षा ह्या बाईच्या चार वाक्यांत जास्त आलं. अभिमान वाटला, आणि खरं सांगते, थोडी चिडलेही.

कारखाना आमच्यामुळं थांबला असं लोक म्हणतात. तसं काही नाही. ज्या धरणाचं पाणी धरलं होतं ते त्या उन्हाळ्यात तळाला गेलं आणि कंपनीनं काम पुढं ढकललं. रद्द केलं नाही, पुढं ढकललं. गावानं साखर वाटली. मीही हातावर घेतली. जिल्हाही झाला नाही, त्याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतं.

पाऊस यायच्या आधीच आत्या गेल्या. सकाळी चहा ठेवला तेव्हा उठल्या नाहीत. टँकरच्या पाण्यानं त्यांना अंघोळ घातली, कपाळभर विभूती लावली आणि ओसरीवर खुर्चीत बसवलं. टिकाव-फावडी घेऊन माणसं अंगणात उभी होती. तेव्हा चुलत दीर पुढं आले. म्हणाले, "शेतात नको. काम थांबलंय, संपलं न्हाई. उद्या कंपनी परत आली तर म्हातारीला उकरून काढावं लागंल. गावच्या समाध्यांच्या जागेत बसवू, तिथं कुणी हात लावणार न्हाई."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं. पण भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सहा गावं तू हिंडलीस. तूच सांग. येत्याल का ते परत?"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. कारखाना येणार नाही, हे मी देवळादेवळापुढं किती वेळा म्हणाले होते! तेव्हा ऐकणारी माणसं परकी होती. आता ओसरीवर आत्या बसल्या होत्या.

"न्हाई येत," मी म्हणाले. "मामांच्या शेजारी खणा."

माणसं शेताकडं निघाली. मला काहीच माहीत नव्हतं. आजही नाही. माळावर एखादी अनोळखी गाडी दिसली की मी हातातलं काम टाकून शेतात जाते, आणि ती पुढं निघून जाईपर्यंत त्या दोघांजवळ उभी राहते.