मृदंगाची लय मागे का पडली?

मंडळी, आज सकाळी आमच्या मानपाड्याच्या भजनी मंडळात टाळ वाजवणाऱ्या बाई आल्या नाहीत, म्हणून मी टाळ हातात घेतले. मृदंगावर नेहमीप्रमाणे आमचे हे. तीस वर्षं वाजवताहेत.

मी लय धरली आणि दुसऱ्याच अभंगात हे मागे पडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "डावा हात झोपलाय का तुमचा?"

पेटी वाजवणारे अण्णा हळूच म्हणाले, "वहिनी, जरा सावकाश घ्या. दिवाळीपासून आम्ही यांच्या हाताप्रमाणेच घेतोय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"यांना वाईट वाटलं असतं."

मी टाळ खाली ठेवले आणि ह्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं अंगठ्यावर भराभर टेकवायला लावली, मग चालायला लावलं. चालताना डावा हात हलतच नाही, हे मला तिथे दिसलं. लय सांभाळणं हे मेंदूचं काम, असं म्हणून त्यांनी ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. सोमवारची वेळ मिळाली आहे. तोवर माझं कशात लक्ष लागणार नाही.

मंडळावर मी चिडले आहे. पण घरी ह्यांच्या शर्टाची बटणं कित्येक महिने मीच लावते आहे, उशीर होतो म्हणून. का जमत नाही, हे एकदाही विचारलं नाही.

तुमच्या घरात तुम्ही कुणाचं काय असंच सांभाळून घेताय?