अध्यक्षांचं अमेरिकन पुस्तक आणि माझा तास

गणिताबद्दल लोक गप्प बसतात, संस्कृतच्या तर वाटेलाही जात नाहीत. चित्रकलेबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. पनवेलच्या आमच्या शाळेत मी वीस वर्षं चित्रकला शिकवतोय, त्यामुळे माझ्याकडे चित्रांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले बरेचसे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पुरवलेले.

* * *

अध्यक्ष मुलाकडे अमेरिकेला गेले आणि येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. तिथल्या शाळांत चित्रकला कशी आली, कशी बदलली, त्याचा इतिहास. ते महिन्याला एक प्रकरण वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर लागू करायचे.

पहिल्या प्रकरणात होतं की तिकडे चित्रकला शाळेत शिरली ती कारखान्यांना नकाशे काढणारे हात हवे होते म्हणून. झालं! सातवीचा वर्ग महिनाभर पट्टीनं रेघा मारत बसला.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, झाड काढू?"

मी म्हटलं, "काढ. पण सरळ काढ."

* * *

दुसरं प्रकरण, थोर चित्रं दाखवून मुलांवर संस्कार करण्याचं. व्हरांड्यात फ्रेमा लागल्या. युनिट टेस्टला अध्यक्षांनी स्वतः प्रश्न घातला : 'या चित्रातून कोणता बोध मिळतो?' चित्रात ताटलीत ठेवलेली चार सफरचंदं होती.

एकानं लिहिलं, "फळे धुऊन खावीत."

मी शून्य दिलं. अध्यक्षांनी ते खोडून पैकीच्या पैकी दिले.

* * *

मग मुक्त अभिव्यक्ती आली. मुलांना मनातलं काढू द्या, शिक्षकानं हात लावायचा नाही. हे मला मनापासून पटलं, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात सर्क्युलर आलं : 'मुक्त अभिव्यक्ती. विषय : स्वच्छता. रंग : फक्त हिरवा व निळा.'

* * *

आता स्टाफरूममधली गंमत. गणिताच्या बाई दर गुरुवारी दारात उभ्या. "सर, आज तुमचं काही विशेष नाही ना? मग तुमचा तास घेते."

वीस वर्षांत माझं काही विशेष असल्याचं एकाही माणसाच्या लक्षात आलेलं नाही. गॅदरिंगचा पडदा रंगवायचा असला की मात्र, "सर, तुमच्याशिवाय कोण करणार?"

* * *

पुस्तकाची अनुक्रमणिका मी गुपचूप बघून ठेवली होती. पुढच्या एका प्रकरणात काटकसरीचे दिवस होते. तिकडे हात आखडता घ्यायची वेळ आली की बऱ्याच शाळांत आधी चित्रकलेवर गदा यायची. अध्यक्ष जसजसे त्या प्रकरणाजवळ येत गेले तसतशी माझी झोप उडत गेली.

एके दिवशी त्यांनी बोलावलंच. "सर, इतिहासापासून शिकलं पाहिजे."

ते शिकले. पुढच्या महिन्यापासून सातवीची चित्रकला बंद, ते दोन्ही तास गणिताला. पालकसभेत फक्त मंजुरी घ्यायची बाकी होती.

* * *

सभेत अध्यक्षांनी ठराव वाचला. एकही पालक हलला नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. रागही यायचा बंद झाला होता.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. आपटा गावाहून आलेल्या, एका सातवीतल्या मुलाची आई. "सायेब, हा तास काढू नका. माझा पोरगा ह्या तासावर तग धरून हाय. बाकी काय पण काढा, ह्यो नाय."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. अध्यक्षांनी ठराव घडी करून खिशात घातला.

माझे डोळे भरून आले. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या विषयासाठी उभं राहिलं होतं. मी धावत त्यांना फाटकाशी गाठलं.

"ताई, फार उपकार झाले. मुलाला चित्रांची एवढी आवड आहे, मला माहीतच नव्हतं."

"आवड कसली वो सर," त्या म्हणाल्या. "सकालची एसटी पकडायची म्हंजे पोरगा उपाशीच निघतो. बाकीचे सर तासाला डबा उघडू देत नाय. तुमच्या तासाला मंगलवारी न् शुक्रवारी तरी चार घास पोटात जातात. तुमी कवा बघतच नाय."