खाटेखालचं झाकण

काळेवाडीच्या आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाची टाकी तुंबली. मैला उपसणारी गाडी आली, पण पाइप सोडायला टाकीचं झाकणच सापडेना.

"काका, टाकी बांधलीय का समाधी?" गाडीवाल्यानं मला विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

झाकण माझ्या खाटेखाली होतं. कंपनीतून निवृत्त झालो, मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा खोली मागं वाढवून मी टाकीच्या स्लॅबवर भिंत घेतली आणि झाकणावर फरशी बसवली. टाकी भरायला वर्षं जातात, तोवर बघू, अशी मनाची समजूत घातली. पण खालून गॅस येईल या धास्तीनं त्या कोपऱ्यात कुणाला उदबत्तीसुद्धा लावू देत नसे.

गाडीवाल्यानं कडेच्या संडासाचं भांडं काढून भोकातून पाइप सोडला. तो घट्ट गाळापर्यंत पोचेना. मग तो कमरेला दोर बांधू लागला. आत उतरायला बंदी आहे, असं कुणीतरी म्हणालं.

"मग बायाबापड्यांना कुठं पाठवता, भाऊ?" तो म्हणाला.

दोर धरणाऱ्यांत मी होतो. अशा टाकीत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, हे कंपनीत आम्हाला बजावलेलं होतं. बोललो तर खोली पाडतील, मुलगा-सून कुठं जातील, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी दोराचा वेढा मनगटाला घेतला. तेवढ्यात हाताला त्याचं वजन जाणवलं.

खालून तो एकदा खोकला. नंतर काहीच नाही. दोर तसाच जड.

आम्ही ओढला. डोळे पांढरे झालेले, ओठ निळसर. तोंडावर पाणी मारलं, पण तो हलेना. तो मेला, असंच मी धरलं. काही क्षणांनी त्यानं घरघरत श्वास घेतला. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "माझ्या खाटेखालची फरशी पोकळ वाजते. तिथं बघा."

वाजते म्हणालो. मीच बसवली, हे म्हणालो नाही.

फरशी फुटली, भिंत गेली, टाकी उपसली गेली. काकांनी वस्तीसाठी स्वतःची खोली फोडली, असं आजही लोक सांगतात. गाडीवाला आला की माझ्याकडं चहा घेतो, "काकांमुळं जगलो," म्हणतो, आणि मी उठून आणखी चहा टाकतो. त्याला वाटतं, पाहुणचार.

तो पुन्हा येईल तेव्हा हे त्याला वाचून दाखवायचं ठरवलंय. पण गाडीचा हॉर्न ऐकला की हा कागद खाटेखाली सरकवतो.