डावा गाल

पाथरीच्या एका शाळेत मी शिक्षकाच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा बाकावर माझ्या शेजारी आणखी एक उमेदवार बसले होते. माझ्याहून बरेच मोठे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फाइल. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून ते नाडी मोजत होते आणि त्यांचा डावा गाल मधूनच डोळ्यापर्यंत उडत होता.

"माझ्याकडं बघू नका, सर," ते म्हणाले. "कुणी बघितलं की काळीज धडधडतंय, अन् ते धडधडलं की गाल लय उडतोय. लेखी परीक्षेत कवाच अडत न्हाई. तोंड दाखवायची येळ आली की संपलं. यंदा तर वयाची मर्यादा बी संपायलीय."

मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. आत मात्र पाच जण त्यांच्याकडे बघायलाच बसले होते.

चार मिनिटांत ते बाहेर आले. त्यांनी माझी बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. नाडी अगदी संथ होती.

"आता बघा सर, कितीबी बघा. आता पुन्हा कुठं तोंड दाखवायला जायाचं न्हाई."

गाल जराही हलत नव्हता.

ती नोकरी मला लागली. आमच्या घरातला तो पहिला पगार. आई गल्लीभर पेढे वाटत होती, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो थांबलेला गाल होता.